चाकांवरचें जुनें घर

२०२४ सालच्या मे महिन्याच्या सुटींत आमचें पांच आठवडे इंग्लंडच्या मध्यभागांतील एका शहरीं वास्तव्य घडलें. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी तेथें इस्पितळांत परिचारकाचें काम करतो. त्याची पत्नीही परिचारिकाच आहे. दोघांनीं रात्रपाळ्या करून सहा वर्षांत जी शिल्लक टाकली होती, तींतून एक जुनें डिझेलचें मोटारहोम घ्यावें, म्हणजे सुटींत दोन्ही मुलांना घेऊन हिंडतां येईल, असा त्यांचा बेत होता. "सर, आपण शास्त्राचे शिक्षक, गाडी पाहावयास बरोबर चला," अशी त्यानें गळ घातली. मोटारहोमचें शास्त्र आम्हांस कोठून येणार? तरी गेलों. तेथें जें शिकलों तें वाचकांस सादर करीत आहों.

मोटारहोम म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन वस्तु होत. खालीं मालमोटार आणि वर घर. युरोपांत यासाठीं इटलींतील आतेस्सा येथें तयार होणारी फियाट कंपनीची दुकातो ही मोटार फार वापरतात. ती १९८१ सालीं प्रथम निघाली. तिचा सांगाडा, इंजिन व चालकाची जागा घेऊन दुसरा एखादा कारखानदार त्यावर बिछाने, शेगडी, न्हाणी व पाण्याची टांकी असलेली खोली बांधतो. गिऱ्हाईक मात्र बहुधा खालची वस्तु तपासतें आणि वरची नुसती न्याहाळतें. आम्हीही तसेंच करणार होतों.

पहिली गाडी एका वृद्ध गृहस्थाची होती. पत्नी वारल्यापासून त्यानें प्रवास सोडला होता. गाडी चौदा वर्षांची, पण धांवली होती अवघी एकोणीस हजार मैल! आमच्या विद्यार्थ्याचे डोळे आनंदानें चमकले, आणि खरें सांगावयाचें तर आमचेही. येथेंच आमची समजूत चुकली.

डिझेल इंजिन आमच्या खेड्यांतील मुलांस नवें नाहीं. विहिरीवर विजेचा पंप येण्यापूर्वी त्यांच्या आजोबांच्या मळ्यांत हेंच इंजिन ठोके देत असे. किर्लोस्करांनीं अशा इंजिनांचा कारखाना पुण्याजवळ खडकीस १९४६ सालीं काढला. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें तें यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. यांत ठिणगी नसते. केवळ हवा सोळा-अठरा पटींनीं दाबली जाते, त्यामुळें ती पांचशें अंशांहून अधिक तापते, आणि तींत तेलाचा फवारा सोडतांच तो आपोआप पेटतो. एवढा दाब सोसावयाचा म्हणून त्याचे भाग भक्कम केलेले असतात. निगा राखल्यास लाखावर मैल चालणें ही त्यास कठीण गोष्ट नव्हे.

मग त्याचा नाश होतो कशानें? पुष्कळदां, उभें राहिल्यानें. अर्ध्या भरलेल्या टांकींतील दमट हवा थंडींत निवली कीं तिचें पाणी होऊन तळाशीं बसतें. पाणी व तेल जेथें मिळतात तेथें सूक्ष्म जंतु वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ गाळणींत अडकतो. कांहीं इंजिनांत झडपा चालविणारा रबरी पट्टा असतो. तो मैलांनीं झिजतो तसा वर्षांनींही जुना होतो, आणि तुटला तर झडपा दट्ट्यावर आपटून इंजिनाचा चुराडा होतो. म्हणून पट्टा केव्हां बदलला हें पावती पाहूनच मानावें. टायरांचेंही तसेंच. त्यांच्या कुशीवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. या गाडीच्या टायरांवर '०८१०' असें होतें, म्हणजे ते २०१० सालच्या आठव्या आठवड्यांतले. नक्षी कोरी दिसत होती. बोटानें वांकवून पाहतां रबरांत बारीक भेगा दिसल्या.

तरीही हे दोष पैसे टाकून दूर होण्याजोगे होते. खरा दोष पुढें दिसला.

घराच्या भिंती म्हणजे लांकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आंतून पातळ प्लायवुड, व मध्यें उष्णता अडविणारा फेस. पत्र्याचे सांधे एका चिवट मसाल्यानें बुजविलेले असतात. हा मसाला कालांतरानें कडक होऊन चिरतो, आणि इंग्लंडांत पाऊस तर बारमाही! पाणी थेंबाथेंबानें आंत शिरतें व वर्षानुवर्षें दिसत नाहीं. आम्हीं बिछान्याखालील कप्पा उघडला, तों वर्षाऋतूंत बंद ठेवलेल्या वर्गाला येतो तसा वास आला. कोपऱ्यांतली फळी अंगठ्यानें दाबली, ती चहांतल्या बिस्किटासारखी खचली. विद्यार्थ्यानें मागून आणलेलें ओलमापक यंत्र तेथें टेकविलें. पंधरा टक्क्यांपर्यंत ओल साधारणपणें चालते, विसावर दुरुस्ती हवी, आणि तिसावर लांकूडच गेलें असें समजतात. तेथें आंकडा अडतिसाचा आला. त्या गृहस्थाचा चेहरा पाहवेना. त्यानें लबाडी केली असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या गाडींत तो चार वर्षें फारसा शिरलाच नव्हता, तिचें दुखणें त्यास कसें कळावें?

तिसऱ्या आठवड्यांत दुसरी गाडी पाहिली, २०१४ सालची, बासष्ट हजार मैल धांवलेली. मालकापाशीं पावत्यांची जाड वही होती. इंग्लंडांत तीन वर्षांवरील गाडीची दरवर्षीं सरकारी तपासणी होते, आणि गाडीचा क्रमांक घातला कीं त्या तपासण्या व दर वेळचे मैल कोणासही फुकट पाहतां येतात. वही व तो दाखला जुळले. तपासावयास जातांना इंजिन थंडच असावें. आधींच तापवून ठेवलें असल्यास पहिल्या सुरुवातीची कुरकुर लपते. काळा धूर हवेची कमतरता सांगतो, निळा वंगण जळत असल्याचें, आणि न थांबणारा पांढरा पाणी किंवा कच्चें तेल जात असल्याचें. येथें यांपैकीं कांहींच नव्हतें. ओल कोठेंही चौदावर गेली नाहीं. गाडी घेतली.

वजनाची गोष्ट मात्र आम्हीही विसरलों होतों. तेथें १ जानेवारी १९९७ पासून पुढें मोटारीची परीक्षा उतरलेल्यांस साध्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचेंच असें वाहन चालवितां येतें. साखर कारखान्याच्या दारांत असतो तसल्या वजनकाट्यावर गाडी नेली. शंभर लिटर पाणी, तेल व सिलिंडर भरून ती ३२६० किलो भरली. उरले २४०. घरचीं चार माणसें मिळून १९०! मग अंथरुणें, भांडीं, तांदूळ, सायकली कोठें ठेवावयाच्या? उपाय साधाच निघाला: प्रवासांत वीस लिटर पाणी ठेवावें व मुक्कामीं टांकी भरावी, त्यांत ऐंशीं किलो वांचले. सायकली घरींच राहिल्या. लंडनही राहिलें, कारण २९ ऑगस्ट २०२३ पासून त्या सबंध शहरांत जुन्या मानाच्या डिझेल गाडीस दर दिवशीं साडेबारा पौंड पडूं लागले. मुलांस राजवाड्यापर्यंत आगगाडीनें नेलें.

निगेचा मुख्य काळ हिवाळा होय. टांकी तेलानें भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेस जागा राहत नाहीं. महिन्यांतून एकदां अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी. दारांत उभ्याउभ्या पांच मिनिटें इंजिन घरघरविण्यानें काजळी सांचते, आणि नव्या गाड्यांतील काजळीची गाळणी तापून स्वच्छ होण्यास दीर्घ दौड लागते. थंडींत शेगडीस प्रोपेन वापरावा, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोंकें असतात, तीं थंडी येते म्हणून बोळे घालून बुजवूं नयेत. हा वायु हवेहून जड आहे. गळाल्यास त्याला खालूनच वाट मिळाली पाहिजे.

पाण्याच्या नळ्या रिकाम्या करावयाचें आमच्या विद्यार्थ्यास ठाऊक होतें, तरी डिसेंबरांत न्हाणीचा नळ मिटलेलाच राहिला, आंत वाटीभर पाणी उरलें, आणि एका रात्रींत नळ फुटला. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें, हें आम्हींच त्यास शिकविलेलें. परीक्षेंत त्यानें तें बरोबर लिहिलेंही होतें.

आतां तो एक वही ठेवतो. दर मार्च महिन्यांत ठरलेल्या बारा जागांची ओल मोजून तींत टिपावयाची असा नेम आहे. मागल्या उजव्या कोपऱ्यांत घेतांना तेरा होते. २०२५ च्या मार्चांत सोळा झाले. पत्नीनें शिडी धरली, त्यानें छपरावर चढून जुना मसाला खरवडला, आणि सबंध एक रविवार त्या एका सांध्यांत गेला.