शीड, सुकाणूं आणि गुंता

मालवणच्या बंदराबाहेरील खडक ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ते विसरणें शक्य नाहीं. १६६४ सालीं पाया घातलेल्या सिंधुदुर्गाभोंवतीं ते विखुरलेले असून भरतीच्या पाण्याखालीं पुष्कळसे दिसतही नाहींत. शिडाची होडी त्यांतून आणावयाची, तर दिशा आणि वेग हीं दोन्हीं नेमकीं राखावीं लागत. आणि तांडेलाजवळ साधनेंही दोनच, शीड व सुकाणूं. शीड वेगासाठीं, सुकाणूं दिशेसाठीं, अशी वांटणी आपण घरबसल्या करूं. समुद्र ती मानीत नाहीं. शिडांत वारा अधिक घेतला कीं वेग वाढतो, पण नाळही बहुधा वाऱ्याकडे वळूं पाहते. सुकाणूं वळविलें कीं दिशा बदलते, पण पाण्याचा अडथळा वाढून वेग घटतो.

हा गुंता सोडविण्यास नियंत्रणशास्त्रांत वियुग्मन म्हणतात. त्याचा हिशेब न्हाणीघरांत सोपा पडतो. ६० अंशांचें ऊन पाणी आणि २० अंशांचें थंड पाणी मिनिटास पांच पांच लिटर सोडलें, तर ४० अंशांचें १० लिटर पाणी मिळतें. नुसतें ऊन पाणी एक लिटरानें वाढविलें, तर पाणी ११ लिटर होतें आणि उष्णतामानही सुमारें ४२ अंशांवर जातें. पण ऊन अर्धा लिटर वाढवून थंड तितकेंच घटवा: पाणी दहाच लिटर, उष्णतामान मात्र ४२. दोन्हीं अर्ध्या अर्ध्या लिटरानें वाढवा: पाणी ११ लिटर, उष्णतामान ४० च. नळ तेच, हात मात्र जोडीनें फिरले. शाळेंत आम्ही एकसामयिक समीकरणें शिकवीत असूं, तीं हींच! तांडेलही सुकाणूं वळवितांना त्याच क्षणीं शिडाचा दोर हलवी, तो याचसाठीं.

खरी अडचण पुढेंच आहे. नळाखालीं धरलेल्या हातास बाहेर पडलेलें पाणी कळतें. लांब नळींत अजून वाटेवर असलेलें कळत नाहीं. बाहेरचें फल पाहून त्यावरून साधन फिरविणें, यास फलाचें प्रत्याभरण म्हणावें. १९६४ सालीं मॉर्गन यांनीं वियुग्मनाचा प्रश्न मांडला. यंत्राची आंतली सारी अवस्था मोजतां येत असेल, तर तें केव्हां साधेल याची कसोटी फाल्ब व वोलोविच यांनीं १९६७ सालीं दिली. केवळ फलावर विसंबल्यास ती पुरत नाहीं. अटी अधिक कडक होतात. कांहीं गुंते त्या वाटेनें सुटतच नाहींत, आणि कांहीं सुटतात, पण यंत्र हेलकावे खाऊं लागतें. असली सुटका काय कामाची? तेव्हां फलाचे आंकडे सतत टिपीत आंतल्या अवस्थेचें अनुमान करावें लागतें. त्याची रीत लुएनबर्गर यांनीं १९६४ सालींच दाखविली होती.