एका वाघामागे २,८०० मोकाट कुत्री

२०२२च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. २०१९च्या पशुगणनेत याच राज्यात मोकाट कुत्री भरली १२ लाख ७६ हजार. भागाकार केला तर एका वाघामागे २,८००हून जास्त कुत्री येतात. दाराशी राखणीला ठेवलेली कुत्री यात धरलेलीच नाहीत. मांजरांचा तर रकानाच नाही. गाढवं, डुकरं, ससेसुद्धा मोजले जातात. मांजर मात्र सुटतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत हे आकडे जास्त बोचतात, कारण इथे गाव आणि रान यांच्यात कुंपण नाही. ताडोबा-अंधारी प्रकल्प १,७२७ चौरस किलोमीटरचा. त्यातला सुमारे १,१०० चौरस किलोमीटर बफर, आणि त्या बफरमध्ये नांदती गावं. मोहफुलं पडू लागली की बाया पहाटेच्या अंधारातच टोपल्या घेऊन निघतात आणि मागोमाग घरचं कुत्रं. ते हवंच, अस्वलाची, वाघाची चाहूल माणसाआधी त्याला लागते. पण वेचणी चालू असताना ते हुंगत हुंगत आत शिरतं, चितळाच्या पाडसामागे धावतं. आणि रात्री बिबट्या गावात येतो तो बरेचदा या कुत्र्यासाठीच. कुत्र्याच्या अंगातला रोग मग बिबट्याच्या अंगात जायला किती वेळ लागणार?

टांझानियाच्या सेरेंगेटीत १९९४ साली डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाने सिंहांना गाठलं आणि दर तीन सिंहांतला एक मेला. सुमारे १,००० सिंह. आपल्या गीरमध्ये २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात काही आठवड्यांत २० हून जास्त सिंह गेले, तेव्हाही तपासणीत हाच विषाणू सापडला. ताडोबात २०२२च्या अहवालाप्रमाणे ९७ वाघ. सेरेंगेटीचं प्रमाण इथे लावून बघितलं तर ३२ वाघ. असं होईलच असं नाही, पण हा आकडा मनातून जात नाही. कोळसून, म्हणजे आपले रानकुत्रे, तर कुत्र्यांच्याच कुळातले; त्यांना हा रोग आणखी जवळचा.

मांजर वरवर निरुपद्रवी वाटतं. धानाच्या ढोलीत उंदीर शिरतात, म्हणून ते पाळलं जातं, आणि ते रास्तच आहे. पण अमेरिकेतल्या २०१३च्या एका अभ्यासात मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा हिशेब निघाला. जगभरचा विचार केला तर मांजरं २,०८४ जातींचे प्राणी-पक्षी-कीटक खातात, आणि त्यांतल्या ३४७ जाती आधीच चिंताजनक स्थितीत आहेत. गेल्या पाच शतकांत ६३ जाती नामशेष होण्यात मांजरांचा हात आहे. यातल्या बहुतेक बेटांवरच्या, हे खरं. पण आपल्या रानातली वाघाटी बघा: पूर्ण वाढलेली वाघाटी एक-दीड किलोची, घरचा बोका तिच्या दुप्पट-तिप्पट. भक्ष्य दोघांचं एकच, उंदीर आणि लहान पाखरं. पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा रोगही मार्जारकुळात सगळ्यांना होऊ शकतो, आणि त्याचा विषाणू अंगणातल्या मातीत वर्षभर तग धरतो.

२०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळलेल्या जनावराचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. माझ्या मते जंगलालगतच्या गावात ती एकट्या मालकावर सोडून चालणार नाही. मजुरीवर जगणाऱ्या घराने कुत्र्याला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडतो. लसच गावात यायला हवी.

रेबीजची साखळी तोडायला ७० टक्के कुत्र्यांना लस पुरते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे १०० कुत्र्यांच्या गावात ७०. त्याच फेरीत डिस्टेंपरचीही टोचता येते. तिचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी लागतो, म्हणून फेऱ्या दोन. मोहफुलाच्या हंगामाआधी, माघातच, त्या उरकायला हव्यात.