बिऱ्हाड कोणत्या शहरीं थाटावें?

गेल्या वैशाखांत आमच्या मिरजेच्या घरीं जो वाद माजला, तो वाचकांपैकीं पुष्कळांच्या माजघरांत या ना त्या रूपानें होऊन गेला असेल अशी आमची खात्री आहे. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या संगणकशास्त्राची अभियंता झाली, आणि एकाच पंधरवड्यांत तिच्या हातीं नेमणुकीचीं तीन पत्रें आलीं. एक मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलांतील पेढीचें, दुसरें पुण्याजवळच्या हिंजवडीचें व तिसरें बंगळुराचें. वेतनाचा आंकडा बंगळुरास सर्वांत मोठा, पुण्यास सर्वांत लहान. पण आंकड्याकडे पाहतो कोण! तीर्थरूप दादांनीं पहिल्याच रात्रीं निकाल दिला कीं, पुण्यास सदाशिव पेठेंत काकांचें घर आहे, पोरीला जेवणाखाण्याची ददात नाहीं. मुलीच्या आईचें म्हणणें, डोंबिवलीस वन्सं आहेत, त्या तिला डोळ्यांत तेल घालून जपतील. बंगळुरास आपलें म्हणावें असें कोणीच नाहीं. तेव्हां तें पत्र दुसऱ्यांदा उघडण्याचीहि तसदी कोणी घेतली नाहीं.

आपलें माणूस जेथें, तें शहर बरें, हा न्याय आपल्याकडे फार जुना आहे. आणि एके काळीं तो खराहि होता. कोंकणांतून किंवा घाटावरून मुंबईस जाणारा तरुण गिरगांवांतील चाळींत ओळखीच्या बिऱ्हाडीं वळकटी टाकी, खानावळींत जेवी आणि कोटांतील कचेरींत पायीं जाई. या 'पायीं' शब्दांत सारें मर्म आहे. पुढें १९४७ सालीं मुंबईस भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, भाडीं गोठलीं, आणि भाड्यानें देण्यासाठीं घरें बांधणें मालकांस परवडेनासें झालें. ज्यांस मालकीचें घर हवें तीं कुटुंबें हळूहळू ठाणें, डोंबिवली, कल्याण अशीं सरकत गेलीं. इकडे कचेऱ्याहि कोटांतून हलल्या. आपलें माणूस राहिलें एकीकडे, नोकरी गेली दुसरीकडे. जुना न्याय मात्र आम्ही तसाच कवटाळून बसलों आहों.

याची किंमत काय पडते हें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे. आम्हीं स्वतः अकरा वर्षें डोंबिवलीहून बोरीबंदरास नोकरी केली. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन तीन तास. वर्षाचे अडीचशें कामाचे दिवस धरले तरी साडेसातशें तास होतात, म्हणजे रात्र-दिवस मिळून पुरे एकतीस दिवस! दर वर्षीं एक महिना आम्हीं गाडीच्या दांडीस लोंबकळून घालविला. त्या वर्षांत आमचा मुलगा चालूं लागला, बोलूं लागला. आम्हीं त्याला पाहिला तो बहुधा निजलेलाच. एकदां शेजारणीनें त्याला "तुझे बाबा कोठें आहेत?" असें विचारलें, तर "रविवारीं येतात" असें त्यानें उत्तर दिलें. घरांत त्या गोष्टीवर अजून हंसतात. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें फारसें कधीं वाटलें नाहीं.

असो. मुलीनें मात्र कोणास न सांगतां एक शहाणपणा केला. तिन्ही शहरीं ती कामाच्या दिवशीं जाऊन आली, आणि सायंकाळीं कचेरी सुटण्याच्या वेळीं तेथून निघून मुक्कामास पोंचेपर्यंत घड्याळ लावून बसली. वांद्रे-कुर्ला संकुलाहून आत्याच्या दारापर्यंत एक तास पन्नास मिनिटें; त्यांत कुर्ल्यापर्यंतची रिक्षा आणि तेथली गर्दी आली. हिंजवडीहून सदाशिव पेठ वीस किलोमीटरांच्या आसपास, पण त्या सायंकाळीं वळवाची एक सर आली व दोन तास गेले. बंगळुरास २०२३ सालीं व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो पोंचली आहे; तेथें मुलींच्या एका वसतिगृहांतून कचेरी चालत पंधरा मिनिटें निघाली. हा तिचा कागद आम्हीं पाहिला आणि आमचेंच मन चरकलें. फुकटचें घर सर्वांत महाग ठरत होतें.

बंगळुराचे दोष तिनें लपविले नाहींत. स्वतंत्र घर घ्यावयाचें तर दहा महिन्यांचें भाडें अनामत ठेवण्याची तेथें जुनी रीत आहे. शहर सुमारें तीन हजार फूट उंचीवर, हवा सुखाची. परंतु कावेरीचें पाणी शंभरएक किलोमीटरांवरून चढवून आणावें लागतें, आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत तर कूपनलिका आटून लोकांस टँकरांच्या रांगा लावाव्या लागल्या. जागा पाहण्यास जाणाऱ्यानें खोलीचा रंग पाहण्यापूर्वीं चैत्रांत पाणी किती वेळ येतें हें विचारावें. पुण्याच्या नव्या वसाहतींतहि हा प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं.

आमचें मत विचाराल तर तें पुण्याच्या बाजूचें होतें. मात्र सदाशिव पेठेंत न राहतां वाकडला भाड्याची खोली घेऊन राहावें, असें आम्हीं सुचविलें. त्यासरशी घरांत जो हलकल्लोळ झाला तो बंगळुराच्या नांवानेंहि झाला नव्हता. पुण्यांत सख्ख्या काकांचें घर असतां पोर भाड्यानें राहणार? काका काय म्हणतील, गांव काय म्हणेल? परक्या शहरीं परकें होऊन राहणें चालतें, पण आपल्या शहरांत परकें होणें चालत नाहीं, असा त्याचा अर्थ. आमची सूचना तेथेंच बारगळली, आणि खरें सांगावयाचें तर बंगळुराची वाट तीनेंच मोकळी केली.

दादांची शेवटची हरकत परमुलुखाची होती. त्यावर आम्हीं त्यांस सर विश्वेश्वरय्यांची आठवण दिली. म्हैसूर संस्थानांतला हा तरुण पुण्यास येऊन स्थापत्य शिकला, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नोकरीस लागला; खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं बसलेले स्वयंचलित दरवाजे त्यांचे; आणि ते म्हैसूरचे दिवाण झाले ते १९१२ सालीं, म्हणजे आपल्याकडची उमेदवारी पुरी झाल्यावर. मुलीनें तर जवळचाच दाखला दिला : इन्फोसिस कंपनी १९८१ सालीं पुण्यांत निघाली आणि १९८३ सालीं बंगळुरास गेली. "धंदाच बिऱ्हाड हलवतो, आजोबा, मग मी कां नको? पहिली नोकरी कांहीं जन्माची नसते. ही सुटली तर तेथें दुसरी शोधतांना मला घर बदलावें लागणार नाहीं." हा मुद्दा आम्हां कोणाच्याच ध्यानांत आला नव्हता.

शिवाय मिरजेहून मुंबई महालक्ष्मी एक्सप्रेसनें एका रात्रीची आणि बंगळूरहि राणी चन्नम्मा एक्सप्रेसनें एकाच रात्रीचें. कानडी तर येथल्या मंडईंत रोज कानांवर पडतें. हें सारें दादांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. चौऱ्यायशीं वर्षांच्या माणसाला गाडीचें वेळापत्रक कोण शिकवणार! त्यांना भय अंतराचें नव्हतें. घरांतून दूर गेलेले तिघे पुतणे सणालाहि येईनासे झालेले त्यांनीं पाहिले होते.

आषाढांत मुलगी गेली. स्टेशनावरून परततांना दादा एकही शब्द बोलले नाहींत. रात्रीं जेवणानंतर मात्र त्यांनीं विचारलें, "त्या गाडीचें आरक्षण किती दिवस आधीं मिळतें रे?" साठ दिवस, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं भिंतीवरचें पंचांग काढलें, वसुबारसेपासून साठ दिवस उलटे मोजले, आणि त्या तारखेभोंवतीं पेन्सिलीनें एक वर्तुळ काढून तें पुन्हां खिळ्याला अडकवलें.