कोंबडीचा रोग माणसाला सहसा का लागत नाही?



फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे बर्ड फ्लू आढळला. कोंबड्यांमधील देशातली ती पहिलीच साथ. पुढे जानेवारी २०२१ मध्ये आपल्या मराठवाड्यात, परभणीजवळच्या मुरुंबा गावी कोंबड्यांची मर झाली, तोही हाच रोग निघाला. कोंबड्या पटापट मेल्या. मग त्यांना दाणे टाकणारा माणूस कसा वाचतो?

विषाणूला स्वतःचे बिऱ्हाड नसते. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिथल्या प्रथिनांकडूनच त्याला काम करून घ्यावे लागते. पहिली अडचण दाराशीच येते. पेशीच्या बाहेरील प्रथिनांवर सायलिक आम्ल नावाची एक साखर असते. (आपल्या पोत्यातली नव्हे!) तिची जोडणी कोंबडीत एका तऱ्हेची, तर माणसाच्या नाका-घशात मुख्यतः दुसऱ्या तऱ्हेची असते. कोंबडीचा विषाणू पहिलीलाच घट्ट धरतो.

दुसरी अडचण आत येते. नुसता मुकादम आला म्हणून ऊस तुटत नाही, टोळी लागते. विषाणू आपल्या प्रती काढणारा मुकादम बरोबर आणतो, पण टोळी पेशीची. त्या टोळीतले एक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे 'एएनपी३२ए'. कोंबडीत ते माणसापेक्षा ३३ अमिनो आम्लांनी लांब असते, हे २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखविले. कोंबडीकडच्या मुकादमाचे माणसाच्या आखूड प्रथिनाशी जमत नाही आणि काम अडते.

मग धास्ती कशाची? प्रती काढताना चुका होतात. विषाणूच्या एका प्रथिनात ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन आले, की माणसाच्या टोळीशी त्याचे जमू लागते. शिवाय आपल्या फुप्फुसात खोलवर कोंबडीसारखी साखर असतेच. म्हणून आजारी पक्षी हाताळणाऱ्याला धोका राहतो. गाईच्या कासेतही तशी साखर असते. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये हा रोग दुभत्या गाईंत सापडला.

तरी सभासदांनी पुढील काळजी घ्यावी:

१) कोंबड्या वा कावळे अचानक मेल्यास उघड्या हातांनी उचलू नयेत, उकिरड्यावर वा ओढ्यात टाकू नयेत.
२) जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.
३) कोंबड्या गोठ्यात, गव्हाणीपाशी सोडू नयेत.
४) अंडी-मटण पूर्ण शिजवून खावे, दूध उकळून प्यावे.

निसर्गाने घातलेले कुंपण पक्के आहे, पण त्याला भगदाड पडू न देणे आपल्या हाती आहे.