न्यूट्रॉनची साल

बीडच्या बालाघाट डोंगरातलं सीताफळ डोळ्यांपुढे आणा: आत गर, बाहेर साल. अणुकेंद्रकालाही साल असू शकते. शिशाच्या एका प्रकारच्या अणुकेंद्रकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. जास्तीचे न्यूट्रॉन कडेला सरकतात आणि त्यांचीच एक पातळ साल बनते.

झोका नेमक्या लयीत ढकलला की उंच जातो. त्यालाच अनुनाद म्हणतात. केंद्रकातले सगळे प्रोटॉन एकीकडे आणि सगळे न्यूट्रॉन दुसरीकडे हेलकावले, तर तो महाद्विध्रुवी अनुनाद. नुसती साल गाभ्याविरुद्ध हलली, तर छोटा 'पिग्मी' अनुनाद. २००५ साली जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी कथिल-१३२ या केंद्रकात त्याची नोंद जाहीर केली. उत्तेजित केंद्रक शांत होताना गॅमा किरण सोडतं. त्यांची ऊर्जा मोजणं म्हणजे केंद्रकाची नाडी पाहणं.

अशी नाडी आपल्याकडेही पाहतात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १४ दशलक्ष व्होल्ट क्षमतेचा पेलेट्रॉन त्वरक आहे. त्याचा कणझोत ज्यावर आदळतो त्या लक्ष्याभोवती गॅमा किरण टिपणाऱ्या शोधकांची 'इंगा' नावाची माळ लावतात. जास्तीत जास्त २४ शोधक, प्रत्येकात जर्मेनियमचे चार स्फटिक, तेही द्रव नायट्रोजनने गारठवलेले. फिरत्या नाटक मंडळीसारखी ही माळ मुंबई, दिल्ली, कोलकाता असा मुक्काम बदलत आली आहे. देशातल्या संस्थांनी एक उत्तम उपकरण असं वाटून वापरावं, हे खरोखर कौतुकाचं!

या सालीचा संबंध सोन्याशीही आहे. केंद्रकांनी न्यूट्रॉन भराभर गिळले की सोन्यासारखी जड मूलद्रव्यं घडतात आणि पिग्मी अनुनाद त्या गिळण्याचा वेग बदलू शकतो. २०१७ साली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत ही घडण दुर्बिणींना दिसली. टकरीची चाहूल गुरुत्वीय लहरींनी दिली होती. तशाच लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा बीडच्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे.