मामांची जीप, विजेचा पंखा आणि माझे 8 टक्के



संशोधन सुरू करायच्या आधी 'बेसलाइन', 'एरर', 'कंट्रोल' हे शब्द आपण पाठ करतो. मीही केले होते. त्यांचा अर्थ मात्र मला प्रयोगशाळेत कळला नाही, मामांच्या जीपमुळे कळला. आजचा लेख त्या जीपच्या पंख्याबद्दल आहे.

मामा कोल्हापूरजवळ राहतात. त्यांच्याकडे जुनी डिझेल जीप आहे. तिच्या रेडिएटरमागचा पंखा इंजिनच्या बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिन चालू आहे तोपर्यंत पंखा चालूच. मी नुकतीच पीएच.डी.ला नावनोंदणी केली होती, विषय उष्णतावहन. मी मामांना सांगितलं, "हा पंखा फुकट डिझेल खातो. विजेचा बसवू. पाणी तापलं की चालू, थंड झालं की बंद."

मेकॅनिकने अर्ध्या दिवसात काम केलं. जुना पंखा काढला, विजेचा बसवला, रिले आणि फ्यूज टाकला, पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच लावला. साधारण 95 अंशांना चालू, 90 ला बंद. आधीच्या टाकीला ॲव्हरेज 11.8 आलं होतं, नंतरच्या टाकीला 12.8. मी छाती फुगवून सांगितलं, "8 टक्के बचत!"

मामांनी एकच विचारलं, "घाटात चालंल न्हवं?"

मी म्हणालो, "चालेल की." यामागे माझ्याकडे एकही आकडा नव्हता.

जे गणित आधी करायला हवं होतं

पंख्याचा एक साधा नियम आहे. हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि म्हणून लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. फेऱ्या दुप्पट, तर शक्ती आठपट.

समजा, बेल्टवरचा पंखा इंजिनच्या 2000 फेऱ्यांना 400 वॅट घेतो. हा अंदाज आहे, पण पुढचं समजायला पुरेसा आहे. मग तोच पंखा 800 फेऱ्यांना, म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना, जेमतेम 26 वॅट घेईल. शहरातल्या 1500 फेऱ्यांना 170 च्या आसपास आणि 3000 फेऱ्यांना 1350 वॅट.

आता विजेचा पंखा. 12 व्होल्ट, 20 अँपिअर, म्हणजे 240 वॅट. पण ही वीजही इंजिनच बनवतं, आल्टरनेटरमधून. त्याची कार्यक्षमता 55 टक्के धरली तर इंजिनवर सुमारे 435 वॅटचा भार पडतो. शहरात हा पंखा पाव वेळ चालतो असं धरा. सरासरी 110 वॅट.

म्हणजे शहरात वाचले किती? 170 वजा 110, फक्त 60 वॅट! शहरात इंजिन सरासरी सहा-सात किलोवॅट देत असेल, तर ही बचत एक टक्क्याच्या आसपास. खरा फायदा हायवेला. तिथे समोरून येणारा वाराच पुरतो, विजेचा पंखा बंद राहतो आणि बेल्टवरच्या पंख्याला लागणारी शक्ती पूर्ण वाचते.

आणि मी मोजमाप कुठे केलं होतं? शहरात.

मग 8 टक्के आले कुठून?

हा प्रश्न मला माझ्या गाइडनी विचारला. चहा पिताना मी अभिमानाने किस्सा सांगितला, तर त्यांनी विचारलं, "एकेकच टाकी? आणि त्या दिवशी गाडीत आणखी काय बदललं?"

मी मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "एअर फिल्टर साफ केला की, चारी टायरची हवा पण भरली." शिवाय पहिल्या टाकीत मामांच्या शेतावरच्या भरलेल्या फेऱ्या होत्या, दुसऱ्या टाकीत जीप बहुतेक रिकामी फिरली होती. टाकी 'फुल' कुठे धरायची यातही अर्धा लिटर इकडे-तिकडे होतो, आणि 20 लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे अडीच टक्के. माझी खरी बचत या गोंधळात दिसलीच नसती. मी टायरची हवा मोजली आणि श्रेय पंख्याला दिलं.

बेसलाइनचंही तसंच. बऱ्याच गाड्यांत बेल्टवरच्या पंख्याला सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमागची हवा थंड असेल तेव्हा तो पंख्याला घसरू देतो आणि शक्ती वाचवतो. अशा गाडीशी तुलना केली तर विजेच्या पंख्याची बचत आणखी कमी दिसेल. 'बचत झाली' या वाक्यापुढे 'कशाच्या तुलनेत' हे यायलाच हवं.

आंबा घाट

हे सगळं मला एप्रिलमध्ये कळलं होतं. पण मी फक्त ॲव्हरेजचा आकडा दुरुस्त केला. मामांचा प्रश्न तसाच राहिला.

मे महिन्यात मामा रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या भरून निघाले. साखरप्यानंतर चढ सुरू झाला. दुपारची वेळ, दुसरा गिअर, वेग ताशी 25, इंजिन 3000 फेऱ्यांवर, वारा पाठीमागून. निम्म्या घाटात काटा लाल पट्टीत गेला.

हिशोब बघा. अशा चढावर इंजिन पाण्यात सुमारे 30 किलोवॅट उष्णता सोडतं असं धरू. रेडिएटरमधून जाणारी हवा 30 अंशांनी तापते असं धरलं, तर दर सेकंदाला साधारण एक किलो हवा लागते. इतक्या कमी वेगात आणि पाठीमागून वारा असताना तिचा मोठा भाग पंख्यानेच ओढावा लागतो. जुना पंखा तिथे 1350 वॅट वापरून हवा ओढत होता. नव्याकडे होते 240. घनाचा नियम उलटा लावला, तर त्याचा प्रवाह जुन्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. खोक्यावर छापलेला प्रवाहाचा आकडा भरपूर होता, पण तो समोर रेडिएटरची जाळी नसताना मोजलेला असतो. त्यात भर म्हणजे आम्ही पंख्याभोवतीचं आवरणही काढून टाकलं होतं. त्यामुळे पंखा जाळीच्या फक्त मधल्या गोलातून हवा ओढत होता.

मामांनी शहाणपणाने गाडी थांबवली आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडलं नाही. तरी हेड गॅस्केट गेलंच. रात्र घाटात काढली, सकाळी जीप टोचन करून आणली, पेट्या टेम्पोत भरल्या. त्या दिवसाचा सौदा हुकला. मामा मला काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. जीपवर आज पुन्हा जुना पंखा आहे, आवरणासकट.

तुमच्यासाठी

विजेचा पंखा वाईट नाही. आज बहुतेक कार त्यावरच चालतात, कारण पंखा, रेडिएटर आणि आवरण त्या इंजिनसाठी एकत्र आखलेलं असतं. मी त्यातला एकच भाग बदलला आणि बाकीचं तसंच चालेल असं गृहीत धरलं.

तुमचा प्रयोग कोणताही असो, तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मोजण्याआधी अंदाज काढा. उत्तर अंदाजाच्या आठपट आलं तर आनंद नंतर, आधी शंका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आणखी काय बदललं ते विचारत राहा. आणि सरासरीवर समाधान मानू नका, कारण इंजिन सरासरीला उकळत नाही, सगळ्यात वाईट तासाला उकळतं.

तो तास कोणता, हे ती वस्तू रोज वापरणाऱ्याला माहीत असतं. मामांनी मला तो सांगितला होता. मला तो संशोधनाचा प्रश्न वाटलाच नाही.