ड्यूई, मिलिंद आणि प्रश्नकर्ता विद्यार्थी

अमेरिकेतील शालेय शिक्षणाचा वाद बहुधा ‘बालक की विषय’ अशा शब्दांत मांडला जातो, आणि बालकपक्षाचे पितृत्व जॉन ड्यूई ह्यांच्याकडे दिले जाते. हे न्याय्य नव्हे. १८९६ साली शिकागोस प्रयोगशील शाळा काढणाऱ्या ह्याच विचारवंताने १९३८ मध्ये ‘अनुभव आणि शिक्षण’ ह्या ग्रंथात नव्या शाळांच्या स्वैरतेचीही हजेरी घेतली. प्रत्येक अनुभव शिक्षणप्रद नसतो, असे त्यांचे म्हणणे.

कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) जे महाविद्यालय उघडले, त्याच्या ‘मिलिंद’ ह्या नावाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. राजा मिलिंद हा गुरू नव्हे. भिक्षु नागसेनास अडचणीचे प्रश्न विचारणारा तो. परिसर नागसेनवन, म्हणजे गुरूच्या नावाचा. महाविद्यालय मात्र प्रश्नकर्त्याच्या!

ज्या घरांत पूर्वी अक्षर शिरले नव्हते, तेथून आलेल्या विद्यार्थ्यास केवळ स्वानुभवावर सोडणे म्हणजे त्याचे वंचितत्व कायम ठेवणे होय. त्यास ग्रंथ हवेत, शिस्तबद्ध अध्यापन हवे, आणि गुरूस अडविण्याची मुभाही हवी. आपल्या पाठटाचणांत शिक्षककृतीचा रकाना असतो, विद्यार्थिकृतीचाही असतो. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा क्वचितच.